अरण्यातील द्रव्यगुण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनवाटा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात एक महत्त्वाचा निर्देश आला आहे. औषधी नावाने आणि रूपाने ओळखणारे कोण, तर अरण्यात वावरणारे शेळपाळ, मेंढपाळ, गुराखी आणि इतर वनवासी, असे आचार्य सांगतात. त्यापुढे ते असेही बजावतात की, केवळ नाव व रूप जाणल्याने कोणी औषधितत्त्वज्ञ ठरत नाही. त्या औषधीचा योग जाणावा लागतो. सुश्रुताचार्यांनीही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाळ, तापस, व्याध, वनचर आणि कंदमुळे खाऊन राहणारे यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी असे म्हटले आहे. म्हणजे नाम-रूपाचे ज्ञान वनवासीयांकडे आणि योगाचे ज्ञान वैद्याकडे. आणि दोघांनी एकमेकांना भेटावे, ही संहिताकारांची अपेक्षा होय.

आज ही भेट जवळजवळ थांबली आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा द्रव्याशी परिचय महाविद्यालयातील हर्बेरियम पत्रे, बरणीतील शुष्क नमुने आणि पुढे व्यवसायात काष्ठौषधींच्या दुकानातील पोती यांच्यापुरता मर्यादित राहतो. फार्मसीधारकांची स्थिती याहून वेगळी नाही. माल परजिल्ह्यातून, कधी परराज्यातून येतो. तो कोणत्या झाडाचा, कोणत्या ऋतूत, कोणी काढला, हे खरेदी करणाऱ्यास क्वचितच ठाऊक असते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेले चंद्रपूर व गडचिरोली हे दोन अरण्यसमृद्ध जिल्हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पर्यटकांसाठी त्यांची वर्णने पुष्कळ लिहिली गेली. वैद्याने तेथे कोणत्या वाटेने जावे, काय पाहावे आणि काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

वैद्यकीय व्यवसायास पंधरा वर्षे झाल्यानंतरची गोष्ट. दशमूलारिष्ट आणि दशमूलक्वाथ माझ्या चिठ्ठीवर नित्य असत. धानोरा तालुक्यातील एका गावच्या वृद्ध गृहस्थांसमवेत जंगलात फिरत असता, पानगळ झालेल्या एका उंच झाडावर तलवारीसारख्या लांब, चपट्या शेंगा लोंबताना दिसल्या. मी त्यांना झाडाचे नाव विचारले. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. ‘‘डॉक्टरसाहेब, हा टेटू. तुमच्याच औषधात पडतो ना?’’ श्योनाकाचे रस, गुण, वीर्य, विपाक मला मुखोद्गत होते. शुष्क मुळाचा तुकडाही मी परीक्षेत ओळखला होता. उभे झाड मात्र ओळखता आले नाही. पुढे त्या गृहस्थांनी सांगितले, की पूर्वी ते झाडाच्या एकाच बाजूचे थोडे मूळ घेत आणि माती पुन्हा लोटून देत. आता बाहेरची माणसे येतात आणि झाडच उपटून नेतात. मी लिहिलेल्या चिठ्ठीचे दुसरे टोक कोठे आहे, ते त्या दिवशी प्रथम दिसले.

भूमीचा परिचय

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे दोनतृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. दोन्ही जिल्ह्यांतील वन प्रामुख्याने दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडीचे होय. साग आणि बांबू हे येथील मुख्य. त्यांच्या सोबतीला ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू, चारोळी, हळदू, कळंब, तिवस, रोहण, सालई, कुसुम, पळस आणि आपल्या नित्य परिचयाचे हिरडा, बेहडा, आवळा, बेल, बिबा व कुडा.

आयुर्वेदाच्या परिभाषेत या प्रदेशाला एकाच देशात बसवता येत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेथील उघड्या खडकाळ टेकड्या जांगल देशाची आठवण देतात. याउलट वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावतीचे काठ, भाताची बांधणी आणि जुने माजी मालगुजारी तलाव यांच्या परिसरात आनूपाची लक्षणे दिसतात. त्यामुळे एकाच दिवसाच्या प्रवासात सालई-धावड्याचा रूक्ष उतार आणि अर्जुन-जांभळाचा ओलसर नदीकाठ असे दोन्ही पाहता येतात. देशभेदाने द्रव्यभेद कसा होतो, हे समजण्यास याहून चांगली जागा विदर्भात दुसरी नाही.

पहिली वाट : ताडोबा आणि त्याचा परिसर

चंद्रपूरहून मोहर्ली सुमारे ३० किलोमीटर. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये. दोन्ही मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. उद्यानातील तलावाकाठी तारू देवाचे स्थान आहे आणि त्यावरूनच ताडोबा हे नाव आले असे मानतात. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. गाभा क्षेत्रात पायी फिरण्यास मनाई आहे. नोंदणी केलेल्या वाहनातून मार्गदर्शकासह जावे लागते, आणि पावसाळ्यात हे क्षेत्र बंद असते. वाहनातून उतरता येत नसले तरी वृक्षपरिचयासाठी ही फेरी उत्तम होय. वाहनातील इतर मंडळी वाघ शोधीत असताना आपण साली पाहाव्यात.

साली पाहाव्यात असे म्हणण्याचे कारण आहे. ‘असन’ या एका नावावरून आपल्याकडे दीर्घकाळ घोटाळा होत आला आहे. काही जण असन म्हणजे ऐन मानतात, तर काही बीजक म्हणजे बीजा. ताडोबाच्या रस्त्यावर ही दोन्ही झाडे शेजारी उभी असतात आणि दोहोंत किती अंतर आहे ते तेथे लगेच कळते. ऐनाची साल काळपट, खोल चिरांची, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. बीजाची साल तुलनेने करडी-पिवळसर असून तिला जखम झाल्यास रक्तासारखा तांबडा निर्यास वाहतो. आणि त्याचे फळ चपटे, गोल, सभोवार पापुद्र्यासारखा पंख असलेले असते. प्रमेहात ज्या बीजकाच्या सारकाष्ठाचा आपण उपयोग करतो, त्याची एक सोपी परीक्षा फार्मसीतही करता येते. सारकाष्ठाचा लहान तुकडा काचेच्या पेल्यात पाण्यात भिजत ठेवून काळ्या पार्श्वभूमीवर उजेडात पाहिल्यास पाण्यावर निळसर झाक दिसते. ऐनाच्या लाकडाने अशी झाक येत नाही.

ताडोबाच्या उत्तरेस चिमूर तालुक्यात रामदेगीची टेकडी, मंदिर आणि पावसाळ्यात वाहणारे ओहोळ आहेत. श्रीरामांचा येथे वास होता अशी लोकश्रद्धा आहे. पुढे नागभीड तालुक्यात ब्रिटिश काळात बांधलेला घोडाझरी तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे. त्याच्या सभोवतीचे वन २०१८ मध्ये अभयारण्य घोषित झाले. तलावाच्या पाळीवरून दिसणारा पाण्याचा विस्तार आणि मागची हिरवी रांग मन प्रसन्न करते. रामदेगी आणि घोडाझरी ही दोन्ही ठिकाणे वाघांच्या वावराची आहेत; मंदिर अथवा तलाव एवढ्या परिचित जागेपासून एकट्याने आत शिरू नये.

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, गडचांदूरजवळच्या डोंगररांगेत माणिकगड किल्ला आहे. हा चुनखडकाचा मुलूख असून तेथे कोलाम व गोंड वस्ती आहे. किल्ल्याची चढण फार कठीण नाही. उन्हाने तापलेल्या अशा उतारांवर मुरुडशेंग, धायटी आणि सालई शोधावी. धायटीची लाल फुले वसंतात बहरतात. आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण ती पोत्यांनी विकत घेतो; फुललेली धायटी मात्र किती जणांनी पाहिली असेल, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

दुसरी वाट : नदीकाठ

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाताना सोमनाथ लागते. बाबा आमटे यांच्या श्रमसंस्कार छावण्यांमुळे हे नाव महाराष्ट्रात परिचित आहे; जवळच महादेवाचे मंदिर व धबधबा आहे. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येथे जावे. जंगलातील जमिनीवरच्या लहान औषधी याच काळात फुलाफळांवर असतात. भुईआवळा, पुनर्नवा, सालवण, पिठवण, शतावरी यांची ओळख करून घेण्यासाठी हा समय योग्य होय.

मूलहून चामोर्शीकडे वळल्यावर वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील पाषाणमंदिरांचा समूह आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा या ठिकाणी वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून हे क्षेत्र पवित्र मानतात. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. यात्रेची गर्दी टाळून गेल्यास नदीकाठाने सकाळी निवांत चालता येते.

या नदीकाठांवर अर्जुन पाहावा. विदर्भात त्यास कहू म्हणतात. पानांची ठेवण ऐनाशी मिळतीजुळती आणि फळांना पाच पंख, हेही दोहोंत समान. त्यामुळे वाळलेल्या सालीच्या बाजारात अर्जुनाच्या नावाखाली ऐनाची साल मिसळली जाते. उभ्या झाडात मात्र भ्रम राहत नाही. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, फिकट करडे-गुलाबी असते आणि त्याच्या सालीचे पातळ पापुद्रे आपोआप सुटून पडतात. ऐन मात्र खडबडीत, काळा. शिवाय अर्जुन पाण्याच्या काठी, ऐन सर्वत्र. झाडाखाली पडलेला अर्जुनाचा पापुद्रा हातात घेऊन एकदा नीट पाहिला, की दुकानातील पोते उघडल्यावर नजर आपोआप फरक टिपते. हृद्रोगाच्या रुग्णास आपण ज्या विश्वासाने अर्जुनक्षीरपाक देतो, तो विश्वास याच ओळखीवर उभा आहे.

आणखी दक्षिणेस चपराळा अभयारण्य आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर आहे. याच परिसरात वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता नदी सुरू होते. संगमावरून दिसणारा विस्तीर्ण प्रवाह आणि पलीकडचे तेलंगणातील किनारे पाहण्यासाठी हिवाळ्यातील सकाळ उत्तम.

तिसरी वाट : आलापल्ली, भामरागड, सिरोंचा

खऱ्या अर्थाने घनदाट अरण्य पाहायचे असेल तर आलापल्लीच्या पुढे जावे लागते. आलापल्लीचा साग पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तेथील सहा हेक्टरांचा एक वनखंड पूर्वीपासून तोडीविना राखला गेला; ‘वनवैभव’ या नावाने तो ओळखला जातो आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. क्षेत्र लहान असले तरी तोड न झालेल्या वनात वृक्ष, लता, गुल्म आणि भूमीलगतच्या औषधी यांची स्वाभाविक रचना कशी असते ते तेथे दिसते. इतरत्र पाहिलेल्या जंगलाशी मनात तुलना करावी. आपण नित्य ज्यास जंगल म्हणतो ते किती विरळ झाले आहे, हे तेव्हा ध्यानात येते.

आलापल्लीहून सिरोंचाच्या मार्गावर आतील बाजूस कमलापूर येथे वनविभागाचे हत्ती कॅम्प आहे. पूर्वी लाकूड ओढण्यासाठी या हत्तींचा उपयोग होत असे. आलापल्लीपासून सिरोंचा सुमारे १०० किलोमीटर असून तेथे प्राणहिता व गोदावरीचा संगम आहे. सिरोंचाजवळील वडधम येथे जुरासिक कालखंडातील वृक्षांचे जीवाश्म जतन केले आहेत.

दुसरा फाटा भामरागडचा, सुमारे ६५ किलोमीटर. वाटेत भामरागडच्या अलीकडे हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आहे. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. हा माडिया समाजाचा प्रदेश. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हाच काळ येथे जाण्यास योग्य.

या वाटेवर बृहत्पंचमुळातील वृक्ष शोधावेत. बेल सर्वांना ठाऊक आहे. शिवण म्हणजे गंभारी, हृदयाकृती मोठ्या पानांची आणि वसंतात पिवळी-तपकिरी फुले येणारी. पाडळ म्हणजे पाटला, ग्रीष्मात सुगंधी फुले जमिनीवर सांडणारी. टेटूच्या शेंगा हिवाळ्यात दुरूनही ओळखू येतात. अग्निमंथाविषयी मात्र मतभेद आहेत. कोठे प्रेम्ना वर्गातील वनस्पती घेतात, कोठे क्लेरोडेंड्रम वर्गातील. आपल्या फार्मसीत यांपैकी कोणती येते, हे प्रत्येकाने तपासून घ्यावे.

येथेच आपल्या व्यवसायाचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. आयुर्वेदिक फार्माकोपियात या पाचही वृक्षांचे मूळ सांगितले आहे. पाने, फुले, फळे घेतली तर झाड जगते. मूळ घेतले तर बहुधा झाडच जाते. घरोघरी वैद्य स्वतः औषध करीत असे तेव्हा वर्षाकाठी थोडे मूळ पुरत असे. आज दशमुळाच्या क्वाथाचे, अरिष्टाचे, तैलाचे उत्पादन औद्योगिक प्रमाणावर चालते. वाढत्या मागणीपुढे मूळ तर मिळत नाही, मग पोत्यात खोडाची साल, लाकूड अथवा अन्य काही मिसळले जाते. म्हणजे एकीकडे वृक्ष नष्ट होतो आणि दुसरीकडे रुग्णाला दशमूळही मिळत नाही. मुळाऐवजी खोडाची साल अथवा कोवळ्या रोपाचे सर्वांग वापरता येईल का, याचा विचार विद्वानांनी सुरू केला आहे. तो आपल्या संघटनेच्या व्यासपीठावर, उघडपणे आणि प्रयोगाच्या आधारे व्हावा. नकळत होणाऱ्या भेसळीपेक्षा जाणून-बुजून, सिद्ध करून स्वीकारलेला प्रतिनिधी द्रव्याचा मार्ग शास्त्राला धरून आहे; अभावद्रव्यांची परंपरा आपल्याकडे आहेच.

ग्रामसभेचा अधिकार

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव गडचिरोलीहून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. वन हक्क कायदा २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावरील हक्क ग्रामसभेस मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही गावाने मिळविला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावलाही २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. तेंदूपाने तोडताना झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून त्या गावाने तेंदूपानांचे उत्पन्न स्वतःहून सोडले. हातात पैसा येत असताना तो नाकारून वन राखणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

आपल्याशी याचा संबंध असा. या कायद्यानुसार गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचाही समावेश होतो, आणि हक्क मिळालेल्या क्षेत्रात त्यांचे स्वामित्व गावाचे असते. म्हणून अशा क्षेत्रात ग्रामसभेस न विचारता मूठभर मुसळी उपटणे हा दुसऱ्याच्या शेतातील पीक नेण्याचा प्रकार ठरतो. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यातून तर काहीही काढण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. हर्बेरियमसाठी एक फांदी हवी असली तरी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. उपजीविकेसाठी चिकित्सा करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना त्यात काही सवलत आहे. परंतु वन्य द्रव्यांचा व्यापारी उपयोग करणाऱ्या फार्मसीधारकांनी ती सवलत आपणांसही लागू आहे असे गृहीत धरू नये. राज्य जैवविविधता मंडळाकडून खुलासा करून घ्यावा.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा विधी आहे. शुचिर्भूत होऊन, उपवास करून, देवतांचे पूजन करून, पूर्वेस वा उत्तरेस मुख करून औषधी घ्यावी असे त्यात सांगितले आहे. त्याचबरोबर मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, पुष्प-फल ज्या त्या ऋतूत, असा काळही दिला आहे. विधीचा हा भाग आपण कालबाह्य समजून सोडून दिला. त्यामागील दृष्टी अशी दिसते, की औषधी घेणे हे मागून घेणे आहे. ज्यांच्या वनातून द्रव्य येते त्या ग्रामसभेची अनुमती, योग्य ऋतू आणि योग्य मोबदला, हा त्याच विधीचा आजचा अर्थ समजावा. फार्मसीधारकांनी दलालाच्या साखळीऐवजी अशा एखाद्या ग्रामसभेशी थेट करार केल्यास मालाचा उगम, काळ आणि संग्राहक यांची नोंद हाती राहते. शेड्यूल टी अन्वये कच्च्या मालाच्या ज्या नोंदी ठेवणे अपेक्षित आहे, त्यांना तेव्हाच खरा अर्थ येतो.

खबरदारी

पहिली खबरदारी जिभेची. अपरिचित पान तोडून चघळण्याची आणि रस पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. या जंगलात गराडी नावाचे झाड सर्वत्र आढळते. तिची पाने अत्यंत विषारी असून रक्तातील पोटॅशियम घटणे, रक्ताची अम्लता वाढणे आणि हृदयाची गती बिघडणे यांनी मृत्यू ओढवतो. त्यावर निश्चित प्रतिविष नाही. बिब्याच्या झाडाखाली उभे राहून फळे फोडणे, कळलावीचा कंद हाताळून तोच हात तोंडास लावणे, हेही टाळावे. गुळवेलीसारखी नित्याची वेलही गृहीत धरू नये. २०२१ नंतर गुळवेलीच्या यकृतावरील दुष्परिणामांची चर्चा झाली, तेव्हा तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत करू नये, असे आयुष मंत्रालयास जाहीर करावे लागले.

दुसरी, वन्य प्राण्यांची. चंद्रपूर जिल्ह्यात अभयारण्याबाहेरही वाघ आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला, आणि तेव्हापासून जिल्ह्याच्या उत्तर भागात हत्तींचाही विचार करावा लागतो. टिपागडासारख्या दुर्गम गडावर, जेथे वर तळे आहे आणि ज्याची चढण रम्य आहे, तेथेही स्थानिक वाटाड्या व वनविभागाची संमती यांशिवाय जाऊ नये. पहाटे व सूर्यास्ताच्या वेळी वनात थांबू नये. वनस्पती पाहताना खाली वाकून वा बसून राहणे अधिक धोक्याचे, म्हणून गटातील एकाने उभे राहून सभोवार लक्ष ठेवावे. दक्षिण गडचिरोलीत जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यातही चौकशी करावी.

तिसरी, ज्वराची. राज्यातील हिवतापाचे मोठे प्रमाण गडचिरोलीत असते आणि त्यात फॅल्सिपॅरम प्रकार पुष्कळ. मच्छरदाणी सोबत न्यावी. परतल्यानंतर काही आठवड्यांत ज्वर आल्यास वैद्य असलो तरी स्वतःवर प्रयोग न करता त्वरित रक्ततपासणी करून घ्यावी. एप्रिल व मे महिन्यांत सकाळी दहाच्या पुढे उन्हात चालणे टाळावे.

अखेर

एका सहलीत सर्व काही पाहण्याचा अट्टाहास नसावा. संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून दोन अभ्याससहली, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक फेब्रुवारी-मार्चमध्ये, ठेवाव्यात असे सुचवावेसे वाटते. सहलीत दहा-बाराहून अधिक जण नसावेत. प्रत्येकाने भिंग, वही आणि कॅमेरा एवढेच बरोबर घ्यावे. एका सहलीत पाच द्रव्ये घ्यावीत. खोड, साल, पान, फूल, फळ आणि भोवतालची भूमी यांची नोंद करावी. परत आल्यावर त्याच पाच द्रव्यांचे बाजारातील नमुने त्या नोंदीशी ताडून पाहावेत. ज्या गावच्या माणसाने दिवसभर झाडे दाखविली त्यास मार्गदर्शकाचा योग्य मोबदला द्यावा. त्यास आपण अनेकदा केवळ चहावर निरोप देतो, हे वैद्यास शोभणारे नाही.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तेंदू आपल्या औषधालयात येत नाही. परंतु हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी, धायटीची फुले येतात, आणि ती याच वनांतून, अशाच हातांनी वेचलेली असतात. पोत्याचा भाव ठरवताना, माल परत पाठवताना आणि चिठ्ठी लिहिताना ते हात आपल्या डोळ्यांसमोर असावेत. वनात एकदा त्यांच्यासोबत चालून आलेल्या वैद्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. पिशवी रिकामी घेऊन जावे आणि रिकामीच घेऊन यावे. वही मात्र भरलेली असावी.